जनरल क्रेन येथे विसावले

ऑर्विल स्टुट्झमन चष्मा परत घेऊन आला, तिथून हे सगळं सुरू झालं.

टॅनर्स बेंडमध्ये चष्म्याचं दुकान एकच, आणि ते माझं. पाटीवर 'ट्वीडी आणि मुलगा' असं लिहिलंय. त्यातला मुलगा म्हणजे मी, आणि त्या मुलाचे आता गुडघे दुखतात. आमच्याकडे गिऱ्हाईक नवा चष्मा लावतं, खिडकीशी जातं आणि समोर चौकातल्या जनरल क्रेनच्या स्मारकावरची अक्षरं वाचतं. डोळे तपासायचे तक्ते मी भिंतीवर टांगलेत, चांगले चौकटीत घालून. पण गावाचा विश्वास जनरलवर. 'जनरल ओबेडाया क्रेन, प्रांताचे पहिले गव्हर्नर, येथे विसावले' एवढं एका दमात वाचता आलं की चष्मा बरोबर.

"हॉलिस," ऑर्विलने चष्मा काउंटरवर ठेवला, "यातून जनरल वाकडा दिसतो."

"मान वाकडी करत असशील."

"मान सरळ आहे माझी. बायकोकडून बघून घेतली."

मी काच बदलून दिली. तो पुन्हा आला. दांडी बदलून दिली. तो पुन्हा आला. या खेपेला दुकानात मेथडिस्ट चर्चच्या दोन बायका बसल्या होत्या, हे बघून तो जरा आवाज चढवून म्हणाला, "तुझ्या चष्म्यातून जनरल प्यायल्यासारखा दिसतो, बाबा. ग्रीनफोर्डच्या चष्म्यातून असं दिसत नाही म्हणतात."

माणसाने काय काय सहन करावं? ग्रीनफोर्ड हे शेजारचं गाव. त्यांचं कोर्ट मोठं, त्यांचा बास्केटबॉलचा संघ उंच, आणि आता चष्मेही त्यांचेच सरळ! मी ऑर्विलच्या समोर गॅरेजमधून ओळंबा आणला, रस्ता ओलांडला, चौकाच्या मधल्या गवताच्या गोलात शिरलो आणि खांबाला दोरी लावली.

जनरल खरोखरच वाकडा होता. चांगला हातभर. चुनखडीचा तो उंच खांब, त्याच्यावरचा ब्राँझचा गरुड, सगळं मिळून दक्षिणेला झुकलं होतं. गरुड तर खाली काहीतरी पडलंय आणि ते शोधतोय असा दिसत होता. मला केवढा आनंद झाला! चष्मा बरोबर होता, चूक जनरलची होती.

तो आनंद तिथेच आवरता घेतला असता तर आज मी सुखात असतो. पण मला वाटलं, एवढं डोळ्यांनी पाहिलंय तर सरळही करून टाकावं. एखादा गवंडी, एखादा जॅक, शनिवारची सकाळ. मार्लिस म्हणजे माझी बायको, तिला मी तसं सांगितलंही, "शनिवारी चार सँडविचेस जास्त कर."

"कुणी सांगितलंय तुला?" ती म्हणाली.

हा प्रश्न पुढे सगळ्या गावाने मला विचारला. त्यांच्यात तिचा पहिला नंबर, एवढंच.

जनरलसाहेबांबद्दल इथे थोडं सांगायला हवं. आमचं राज्य जेव्हा राज्य नव्हतं, नुसता प्रांत होता, म्हणजे जंगल, नदी आणि मायामी नावाच्या आदिवासी लोकांची गावं, तेव्हाचे हे पहिले गव्हर्नर. स्वातंत्र्ययुद्ध संपलं, जनरल पुष्कळ उरले, आणि रिकाम्या बसलेल्या जनरलांचं करायचं काय असा प्रश्न सरकारपुढे पडला, तेव्हा एकेकाला एकेक जंगल देऊन टाकलं असावं. हे मला शाळेत कुणी शिकवलेलं नाही, माझा आपला अंदाज. जंगल आधी कुणाचं होतं हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. मायामी लोकांनी जनरलसाहेबांचं स्मारक उभारलेलं नाही आणि त्यात नवल काही नाही. आमच्या गावच्या महिला मंडळाने मात्र उभारलं. माझी आजी त्या मंडळात होती. त्या बायका तेव्हा काय विचार करत होत्या ते विचारायला आता कुणी उरलं नाही, आणि होत्या तेव्हा मी विचारलं नाही, कारण मी पाच वर्षांचा होतो आणि मला त्या गरुडातच रस होता.

गावच्या कचेरीत गेलो. तिथे कळलं की रस्ता गावाचा, पण चौकातला गवताचा गोल राज्याच्या रस्तेखात्याचा. गवत कापायचं गावाने, पण त्यावर उभं जे काही असेल ते राज्याचं. मी रस्तेखात्याला फोन लावला.

"नमस्कार. मला टॅनर्स बेंडचा क्रेन सरळ करायचा आहे."

"कलंडलीय का?" बाईंचा आवाज एकदम सावध झाला. "कुणाला लागलंय?"

"छे हो. बरीच वर्षं कलंडतोय."

"किती टनी आहे?"

"वजन कुणी केलं नाही कधी. दगडाचा आहे."

"दगडाची क्रेन?"

"वर गरुड आहे," मी मदत करावी म्हणून सांगितलं.

बाईंनी मला यंत्रविभागाकडे दिलं, यंत्रविभागाने अपघातविभागाकडे, अपघातविभागाने पक्षीसंरक्षणाकडे. तिथल्या गृहस्थांनी गरुडाने अंडी घातली आहेत का असं विचारलं. मी नाही म्हटलं तर त्यांनी फोन पुन्हा पहिल्या बाईंकडे दिला. एवढं होईपर्यंत माझं जेवण गार झालं होतं आणि मार्लिस दारात उभी राहून मिटक्या मारत माझ्या वाट्याच्या मक्याच्या कणसावर ताव मारत होती.

तरीपण पुढच्याच आठवड्यात पिवळं हेल्मेट घातलेला एक इंजिनिअर आला. नाव पिकरिंग. हसरा, गोरागोमटा माणूस, पण त्याचं हसणं चौक बघून वाढलं ते मला आवडलं नाही. त्याने खांबाभोवती एक फेरी मारली, अक्षरं वाचली आणि बोट ठेवलं ते नेमकं शेवटच्या शब्दावर.

"'विसावले' म्हणजे? खाली पुरलंय का कुणाला?"

बघा, ज्या ओळीवर आमच्या गावाचे डोळे चार पिढ्या तपासले गेले, त्या ओळीचा अर्थ काय हे आमच्यातल्या एकानेही स्वतःला विचारलं नव्हतं. अक्षरं स्पष्ट दिसली की आम्ही खूश.

"असेल," मी म्हटलं.

"असेल की आहे?"

"फरक पडतो?"

पिकरिंग खूप आनंदाने मला फरक समजावून सांगू लागला. खाली थडगं असेल तर खात्याला दगडाला बोट लावता येत नाही. वाकडा तर वाकडा, पडला तर पडला. खाली थडगं नसेल तर मात्र हा नुसता दगड, आणि खात्याला हा चौक रुंद करायचाच आहे, कारण मक्याचे मोठे ट्रक इथे वळताना अडकतात. मग दगड उचलून देऊन टाकायचा. "ग्रीनफोर्डच्या महापौरांनी मागितलाच आहे," तो म्हणाला. "त्यांच्या बागेत जागा आहे. आणि ते म्हणतात की जनरल तसाही त्यांच्याच स्मशानात आहे."

म्हणजे मजा बघा. खाली जनरल असेल तर दगड वाकडाच राहणार, नसेल तर सरळ होणार, पण ग्रीनफोर्डमध्ये. मी नुसता ओळंबा लावला होता हो!

बातमी माझ्या आधी हॉटेलात पोचली. आमच्या गावात लोक सकाळी कॉफीला जमतात आणि कुणाचं काय चुकलं ते ठरवतात. त्या सकाळी ते फार कठीण गेलं नाही.

"वाकडा होता तर वाकडा होता," कुणीतरी म्हणालं. "गावात वाकडं काय कमी आहे?"

"पिसाच्या कलत्या मनोऱ्याला कुणी ओळंबा लावला का?"

"आता चष्मा लावून बघायचं काय? ट्रक?"

यातलं शेवटचं वाक्य ऑर्विलचं. ऑर्विलचं! ज्याच्या तक्रारीने सगळं सुरू झालं तो माणूस अंडी खात बसला होता आणि माझ्याकडे 'काय रे केलंस हे' अशा नजरेने बघत होता. मी कॉफी न पिता उठलो. कुणी थांबवलंही नाही.

बर्निस प्लंकेटबाई मात्र दुकानात आल्या. त्या आमच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्ष, सचिव आणि बहुतेक वेळा एकमेव सभासद. "मि. ट्वीडी," त्या म्हणाल्या, "जनरलसाहेब खालीच आहेत. त्यात शंकाच नाही."

"पुरावा?"

"मला जाणवतं."

"ग्रीनफोर्डला त्यांचं थडगं आहे म्हणतात."

"ग्रीनफोर्डला!" बाईंनी हातातली पिशवी काउंटरवर आदळली. "ग्रीनफोर्डला त्यांचं थडगं आहे, नदीपलीकडच्या किल्ल्यात त्यांचं थडगं आहे, पेनसिल्व्हेनियातही एक आहे. माणूस जिवंतपणी एवढा फिरला नाही!"

आता खरं सांगतो. लोक काय म्हणतात याचं मला वाईट वाटत होतं, दुकानात वर्दळ कमी झाली होती, ग्रीनफोर्डचा राग तर होताच. पण त्या सगळ्याच्या खाली एक वेगळीच खाज सुटली होती. मला जाणून घ्यायचं होतं. मी रोज खिडकीत उभा राहून त्या गवताकडे बघायचो आणि मनात यायचं, अरे, खरंच आहे का तू तिथे? अर्ध्या खंडावर हुकूम चालवलेला माणूस माझ्या दुकानासमोर, ट्रकच्या चाकांपासून चार हातांवर झोपला असेल, आणि आम्ही त्याच्यावरून गवत कापायचं यंत्र फिरवत असू? मार्लिस म्हणायची मी झोपेतही "आहे की नाही" असं बडबडतो. ती म्हणायची, "आहे, मी शेजारीच आहे, झोप."

सल्ले पुष्कळ आले. फार्मसीवाल्याने सांगितलं की कुत्रं आणा, कुत्र्याला कळतं. कुत्रं आणलं. त्याने खांबाशी जे करायचं ते केलं आणि निघून गेलं. मग ऑर्विल आला. त्याला बहुधा थोडं मनाला लागलं होतं. ऑर्विल हा आमच्या भागातला नावाजलेला पाणाड्या. दोन वाकवलेल्या तारा हातात धरून शेतातून चालतो आणि जिथे त्या एकमेकींवर चढतात तिथे विहीर खणायची. अर्ध्या तालुक्याचं पाणी त्याने दाखवलेलं आहे.

"पाण्याचं कळतं तुला," मी म्हटलं. "जनरलचं कसं कळणार?"

"माणसात पाणीच असतं."

"दोनशे वर्षांनी?"

"बघू तर."

तो गवतावर चालू लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक थांबले. खांबाच्या दक्षिणेला, नेमका खांब जिकडे झुकला होता तिकडे, तारा थरथरल्या आणि फटकन एकमेकींवर गेल्या. ऑर्विल स्वतःच दचकला.

"आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "आडवा आहे. आणि रागात आहे."

हे राज्याच्या कामाला चालणार नव्हतं, म्हणून प्लंकेटबाईंनी विद्यापीठातून एक प्राध्यापक आणला. त्याच्याकडे गवत कापायच्या यंत्रासारखं दिसणारं एक यंत्र होतं, जमिनीच्या आतलं दाखवणारं. त्याने ते पुढे-मागे फिरवलं. गावातल्या कुणीतरी त्याला सांगितलंसुद्धा की गवत कालच कापलंय. मग त्याने छोट्या पडद्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"खाली लांबट काहीतरी आहे," तो म्हणाला. "माणसाच्या लांबीचं. आत पोकळी आहे."

ऑर्विलने माझ्याकडे बघितलं. तसं बघणं मी त्याला आयुष्यभर माफ करणार नाही.

त्या दिवसापासून मी एकदम मोठा माणूस झालो. हॉटेलात माझ्या पुढ्यात न मागता चेरी पाय आला. ज्यांनी पिसाच्या मनोऱ्याचा विषय काढला होता त्यांनीच पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हॉलिस, शंका आम्हाला पहिल्यापासून होती." शाळेच्या बँडने शोकधून बसवायला घेतली. चर्चमध्ये जनरलसाहेबांसाठी प्रार्थना झाली, आणि ते कुठल्या पंथाचे होते यावरून मेथडिस्ट आणि लुथरन लोकांत थोडी बोलाचालीही झाली. कुणीतरी गावाच्या वेशीवर पाटी लावायचं सुचवलं. मार्लिस तेवढी म्हणाली, "सापडला तर दगड वाकडाच राहील ना? मग तुझ्या सँडविचेसचं काय?" पण मी त्या वेळी कुणाचं ऐकत नव्हतो.

पण नुसत्या पडद्यावरच्या सावलीवर राज्य विश्वास ठेवेना. ऐतिहासिक वारसा खात्याच्या मिस डॅनफोर्थ नावाच्या अधिकारी आल्या. उंच, करड्या केसांच्या, बूट चिखलाचे. त्यांनी सांगितलं की उघडून बघावं लागेल, आणि उघडायला जनरलसाहेबांच्या वंशातल्या कुणाची तरी परवानगी लागेल.

तशी एक बाई निघाली. केंटकीत राहणाऱ्या मिसेस फिलिपा गॉल्ट, वय नव्वदीच्या पुढे. मी फोन केला. त्यांना ऐकायला कमी येत होतं, किंवा मला तसं वाटलं.

"बाई, आम्ही जनरल क्रेन यांच्या खाली खोदू का?" मी ओरडलो.

"खोदा की खुशाल! त्यांची काय हरकत असणार?"

"तुम्ही याल का?"

"सावली आहे का तिथे?"

"करू."

"आणि जेवायला?"

मी पूर्ण बेत सांगितला. हॅम, बटाट्याचं सॅलड, मक्याची कणसं, चेरी पाय. त्यांनी प्रत्येक पदार्थ दोनदा सांगायला लावला. फोन ठेवल्यावर मला जाणवलं की जनरलसाहेबांबद्दल आम्ही एक वाक्य बोललो होतो आणि बटाट्यांबद्दल बरीच.

खोदायचा दिवस उजाडला. मे महिना, ऊन लख्ख. अख्खं गाव चौकात. पुरुषांनी टोप्या हातात घेतल्या होत्या. रहदारी एका बाजूने वळवली होती. मिसेस गॉल्ट एका छत्रीखाली गाडीतच बसल्या होत्या, दार उघडं ठेवून, गुडघ्यांवर प्लेट घेऊन. ग्रीनफोर्डचे महापौरही आले होते. "आदरांजली वाहायला," ते म्हणाले. त्यांची आदरांजली वाहून न्यायला मागे एक उघडा ट्रक उभा होता आणि त्यात दोर होते.

मिस डॅनफोर्थ स्वतः खड्ड्यात उतरल्या. फावडं नाही, छोटी थापी आणि ब्रश. माती सरकत गेली. मी खड्ड्याच्या काठावर पालथा पडलो होतो, नाक जवळजवळ त्यांच्या खांद्यावर.

"लाकूड," त्या म्हणाल्या.

गर्दीतून एक उसासा गेला. प्लंकेटबाई रडू लागल्या. बँडमास्तरांनी काठी उचलली आणि शोकधून सुरू झाली. लाकडी फळ्या कुजून आत बसल्या होत्या, त्यांच्यावर गंजलेला पत्रा. मिस डॅनफोर्थनी हाताने पत्र्याची एक कड उचलली, आत डोकावल्या, आणि बराच वेळ डोकावून राहिल्या.

"मि. ट्वीडी," त्या मग म्हणाल्या, "तुम्ही चष्म्याचे ना? जरा बघा."

मी बघितलं. आत जनरल नव्हता. आत दगडासारखं घट्ट झालेलं सिमेंट होतं आणि त्यात अर्धं रुतलेलं एक फावडं.

ती गवंड्यांची माल कालवायची डोण होती. ज्या गवंड्यांनी स्मारक बांधलं, त्यांनी काम संपल्यावर ती धुवायचा, न्यायचा कंटाळा करून तिथेच खड्ड्यात ढकलून, वर पत्रा झाकून माती लोटली होती. फळ्या कुजल्या, माती खचली, आणि खांब तिकडे कलला. म्हणजे स्मारक वाकडं का झालं हे अगदी शास्त्रशुद्ध कळलं. मला त्या क्षणी तेवढाच आनंद मिळाला असता, पण बँड अजून वाजत होता.

"थांबवा हो ते!" मी ओरडलो.

बँड थांबला. ट्रॉम्बोनवाल्याला वेळेवर कळलं नाही, तो एकटाच थोडा पुढे गेला. मग चौकात इतकी शांतता पसरली की ग्रीनफोर्डच्या महापौरांनी ट्रकच्या ड्रायव्हरला केलेली खूणसुद्धा ऐकू आली म्हणा ना.

"मी म्हटलं होतं ना," ऑर्विल म्हणाला, "आडवं आहे."

"तू रागात आहे म्हणालास!"

"फावडं तसं सोडून गेल्यावर राग येणारच."

पिकरिंगने वही मिटली. "चला, म्हणजे थडगं नाही," तो म्हणाला. मघापर्यंत टोप्या काढून उभे असलेले लोक आता टोप्या घालून माझ्याकडे बघू लागले. मी खड्ड्याच्या काठावर गुडघ्यांवर होतो. शर्टाला चिखल, कपाळाला चिखल. मला वाटत होतं की डोण अजून थोडी मोठी असती तर मीच आत शिरलो असतो.

"काय हो," गाडीतून आवाज आला, "काय शोधताय तुम्ही सगळे मघापासून?"

मिसेस गॉल्ट प्लेट बाजूला ठेवून खाली उतरत होत्या. मी धावलो, हात दिला.

"बाई, जनरलसाहेबांना."

"इथे?" त्या अगदी खरोखरीच्या आश्चर्याने म्हणाल्या. "ओबेडाया आमच्या मागच्या सफरचंदाच्या वाडीत आहेत. केंटकीला. सगळ्या घराला माहीत आहे. आम्ही त्या झाडाचीच सफरचंदं खाऊन मोठे झालो."

"पण तुम्ही सांगितलं का नाही?" प्लंकेटबाई किंचाळल्याच.

"कुणी विचारलं? या गृहस्थांनी विचारलं की खोदू का. मला वाटलं पाण्याचा नळ टाकताय."

कुणाच्या तरी तोंडून हसू फुटलं आणि दाबलं गेलं. मी मात्र हसलो नाही. मला आता दुसरंच काहीतरी हवं होतं. एवढ्या सगळ्या चिखलातून ती खाज तशीच राहिली होती, उलट वाढली होती.

"मग बाई," मी विचारलं, "दगडावर 'येथे विसावले' का लिहिलंय?"

"कारण विसावले म्हणून," त्या म्हणाल्या, जणू मी अक्षरओळख विचारली. "माझ्या लॅविनिया आत्याने तुमच्या इथल्या बायकांना सांगितलं होतं तसंच लिहायला. ओबेडाया इथून घोड्यावर चालले होते, नवीन राजधानीकडे. तेव्हा इथे एक ओंडका होता आणि एका विधवेची झोपडी. इथेच समोरून टपाल घेऊन येणारा स्वार भेटला आणि त्याने सांगितलं की तुम्ही आता गव्हर्नर नाही. पूर्वेकडून हुकूम निघालाय, नवा माणूस येतोय."

"काढून टाकलं?" ऑर्विलने विचारलं.

"सगळ्यांशी भांडण होतं त्यांचं. विधिमंडळाशी, जमिनीच्या दलालांशी, स्वतःच्या आचाऱ्याशी. तर स्वार पुढे गेला आणि ते घोड्यावरून उतरून त्या ओंडक्यावर बसले. दुपारभर बसले. लढाईत बसले नव्हते, गव्हर्नर असताना बसले नव्हते. संध्याकाळी विधवेने त्यांना मक्याची लापशी दिली. ती खाऊन ते घरी गेले आणि पुढे फक्त सफरचंदं लावली."

 मग पिकरिंगने घसा साफ केला. "गोष्ट छान आहे बाई. पण थडगं नाही म्हटल्यावर दगड हलवायला काही—"

"एक मिनिट," मिस डॅनफोर्थ म्हणाल्या. त्या अजून खड्ड्यातच उभ्या होत्या, फक्त डोकं आणि खांदे वर. "थडगं हलवता येतं, मि. पिकरिंग. त्याला कार्यपद्धती आहे. पण माणूस जिथे बसला ती जागा हलवायची कार्यपद्धती माझ्या खात्यात नाही. तुमच्यात आहे?"

पिकरिंगने विचार केला. त्याचं हसू जरा जरा करत मावळलं. "नाही," तो म्हणाला.

"मग दगड इथेच राहील. खड्डा भरा आणि सरळ करा."

ग्रीनफोर्डच्या महापौरांनी टोपी घातली, ट्रकमध्ये चढले आणि निघून गेले. पण वळणावर गाडी थांबवून त्यांनी काच खाली केली आणि काळजीच्या सुरात विचारलं, "मग आमच्या स्मशानात कोण आहे?"  मला फार उत्सुकता वाटली. मार्लिसने लगेच माझ्या दंडाला धरलं.

त्यानंतर लोक जेवायला पांगले. मिसेस गॉल्ट म्हणाल्या की त्यांना तिथे जरा बसायचंय. ओंडका तर कधीचा गेलेला. मी घरून स्वयंपाकघरातली खुर्ची आणली आणि खांबाजवळ गवतावर ठेवली. त्या बसल्या, काठी मांडीवर घेतली. एका बाजूने ट्रक घरघरत वळत होते.

"बाई," मी म्हटलं, "ते दुपारभर बसून करत काय होते?"

"त्यावर आमच्या घरात कायम भांडण. विधवेने सांगितलं ते फक्त एवढंच, की त्यांचे खांदे हलत होते. माझी आजी म्हणायची हसत होते. आजोबा म्हणायचे रडत होते. मरेपर्यंत दोघांचं जमलं नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी माझ्या चिखलाने भरलेल्या शर्टाकडे बघितलं. मग काठीने खुर्चीच्या पायाला टकटक केली आणि उठल्या. "तुम्ही बसून बघा. मी आणखी थोडा चेरी पाय खाते."

आणि त्या चालू पडल्या, मार्लिसच्या हाताला धरून.

मी बसलो. समोर माझं दुकान होतं, पाटी होती, त्या पाटीतला मुलगा इथे खुर्चीवर होता. किती तरी दिवसांत पहिल्यांदा मला कुणी काही विचारत नव्हतं. कुणी दिलाच नव्हता तो हुद्दा मी गावभर मिरवला, आणि आता तो गेला होता. खड्ड्यात ती डोण होती, तिच्यात ते फावडं. मला तो गवंडी दिसला, संध्याकाळ झालीय, भूक लागलीय, फावडं निघत नाहीये, आणि तो म्हणतोय, 'मरू दे'. त्याच्या त्या 'मरू दे'वर बँड वाजला, प्रार्थना झाली, दोन पंथांत बोलाचाली झाली. मला ते पोटातून वर येताना जाणवलं आणि मी ते थोपवू शकलो नाही.

मार्लिस तेव्हा दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिने बघितलं ते एवढंच, की माझे खांदे हलत होते आणि मी बाहीने डोळे पुसत होतो. ती म्हणते मी रडत होतो. मी म्हणतो हसत होतो. आता या गोष्टीला कितीतरी दिवस झाले, जेवणाच्या टेबलावर विषय निघाला की आमचं अजून जमत नाही. आणि हल्ली, तिने फार ठामपणे सांगितल्यावर, मलाही नक्की आठवत नाही.